दिवाळी होऊ द्या, मग दुसरा कुत्रा आणा

महोदय,

'आमचा एकटा कंटाळतो, त्याला जोडीदार आणू' हे दुसरा कुत्रा आणण्याचे नेहमीचे कारण, आणि सर्वांत कच्चे. घरचे बाहेर पडताच जो दार ओरबाडतो तो माणसासाठी रडत असतो. दुसरा आणून त्याचे रडणे सहसा थांबत नाही. नवाही तेच शिकतो. पहिला दोनेक वर्षांचा, हाकेला येणारा आणि पट्टा न ओढता चालणारा झाला की मगच विचार करावा. तो म्हातारा, सांधे धरलेला असेल तर त्याच्या अंगावर पिल्लू सोडू नये.

वेळही पाहावी. पावसाळ्यात गोचिडांचा त्रास वाढतो आणि फटाक्यांना घाबरून नवखा कुत्रा हातातून निसटतो. दिवाळीनंतर, आठवडाभर रजा काढता येईल तेव्हा आणावा. घरात पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) होऊन गेला असेल तर लसी पूर्ण न झालेले पिल्लू वर्षभर आणूच नये. हा विषाणू मातीत, फरशीच्या फटीत महिनोन्महिने तग धरतो. फिनाईलने तो मरत नाही. फरशी धुऊन मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी लावून दहा मिनिटे ओली ठेवावी लागते.

माझ्या मते दत्तक संस्थेतला दोन-तीन वर्षांचा देशी कुत्रा उत्तम. स्वभाव कळलेला असतो आणि आपला कुत्रा नेऊन गाठ घालून देता येते. नर-मादी सहसा जमतात. दोन माद्यांचे वैर मात्र चिघळते. नसबंदीनंतरही नर काही आठवडे मादीला गाभण करू शकतो, हे बरेच जण विसरतात.

पहिली भेट घरात नको. मैदानात दोघांनी दोन पट्टे सैल धरून, दहा-पंधरा फुटांवरून एकाच दिशेने वीस मिनिटे चालावे. घरी हाडे-खेळणी आधीच उचलावीत, जेवण वेगळ्या खोल्यांत द्यावे. गुरगुरला म्हणून ओरडू नये, दोघांना फक्त लांब करावे. गुरगुरणे दाबलेला कुत्रा इशारा न देता चावतो.

विकतच घ्यायचे तर २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान नको. आई न दाखवता चौकात गाडीतून पिल्लू हातात देणाऱ्याकडे हा नोंदणी क्रमांक मागून पाहावा. आपणही छोट्या जाहिरातींत पिल्लांची विक्री छापण्याआधी तो मागावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे