‘ते बोलतायत अजून’ या तीन शब्दांसाठी

प्रिय भाजीवाल्या ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायला मला सात आठवडे लागले आहेत. डाव्या हाताने वहीत दोन-तीन वाक्ये लिहायची, पत्नीने ती मोठ्याने वाचायची, जिथे ‘ने’, ‘ला’, ‘चा’ गळाले असतील तिथे तिने नुसते थांबायचे आणि मी ते शोधून भरायचे, असा आमचा क्रम आहे. एकतीस वर्षे मी पुण्यात मुद्रितशोधक म्हणून काम केले. शुद्धलेखनाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ सालचे आणखी चार, असे अठराही नियम मला तोंडपाठ होते आणि लेखकांच्या मजकुरातले गळालेले काने, मात्रा, प्रत्यय शोधून देण्याचेच मला पैसे मिळत. आता तेच काम मी स्वतःच्या वाक्यांवर करतो, फुकट आणि फार सावकाश.

पत्राचे निमित्त सांगतो. यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीच्या मंडळाने शाल आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. प्रास्ताविक करणाऱ्या गृहस्थांनी माझी जिद्द, चिकाटी, इच्छाशक्ती असे सगळे काढले. हेच गृहस्थ जिन्यात भेटले की माझे वाक्य स्वतःच पुरे करून, स्वतःच त्याला उत्तर देऊन, पाठीवर थाप मारून पुढे जात असत, हे व्यासपीठावर बसल्या बसल्या मला आठवत होते. त्या पूर्ण भाषणात तुमचा उल्लेख नव्हता. छापून गेलेल्या मजकुरातली चूक पुढच्या अंकात दुरुस्त करायची असते, तशी ही दुरुस्ती समजावी.

मार्च २०२२ मध्ये मला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा अडला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना होणाऱ्या या व्याधीला वाचाघात म्हणतात. माझ्या प्रकारात ऐकलेले बहुतेक सगळे कळते, काय सांगायचे तेही मनात ठरलेले असते, पण शब्द ओठांपर्यंत पोहोचत नाही, किंवा त्याच्या जागी त्याचा शेजारी येऊन उभा राहतो. नामे कशीबशी निघतात, क्रियापदे अडतात आणि विभक्तीचे प्रत्यय तर पार झडून जातात. ‘मी... बाजार... भाजी...’ हे त्या काळातले माझे संपूर्ण वाक्य असे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली ज्या रुग्णावरून मेंदूतली उच्चाराची जागा दाखवून दिली, तो एकवीस वर्षे जवळजवळ ‘तां’ एवढेच बोलत होता आणि समोरच्याचे बरेचसे बोलणे त्याला कळत होते. पुढे वाचता येऊ लागल्यावर मी त्याच्याविषयी वाचले, तेव्हा मला ब्रोकापेक्षा त्या इस्पितळातल्या इतर माणसांचे कुतूहल वाटले. एकवीस वर्षांत त्याच्या ‘तां’च्या पुढचे ऐकण्यासाठी कोणी थांबले असेल का?

माझ्यासाठी फारसे कोणी थांबले नाही. एका तज्ज्ञांनी माझ्या देखत, पण मी तिथे नसल्यासारखे, पत्नीला सांगितले की सहा महिन्यांत जे परत यायचे ते येते, नंतर आशा धरू नये. (सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरे, परंतु पुढेही कित्येक वर्षे ती होत राहू शकते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.) नातेवाईक माझ्याशी ओरडून बोलत, जणू गेलेली वस्तू वाचा नसून कान होते. त्या वर्षीच्या गणपतीत तर फारच विचित्र प्रकार झाला. सगळ्यांबरोबर मी आरती सुरात, अथपासून इतिपर्यंत म्हटली. वाचाघातात असे होते. पाठ असलेले, चालीत बसलेले शब्द पुष्कळदा शाबूत राहतात आणि माणसाला घोटभर पाणी मात्र मागता येत नाही. आमच्याकडच्या एका जाणत्या नातेवाइकांनी यावरून निष्कर्ष काढला की मी नाटक करतो. ते वाक्य मला नीट ऐकू आले आणि उत्तरही सुचले, पण ते अजून बाहेर यायचे आहे.

त्यानंतर मी प्रयत्न सोडला. हे मी व्यासपीठावर सांगू शकलो नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. सहा महिने उलटून गेले होते आणि मी घरात बोट दाखवून वस्तू मागू लागलो होतो, कारण बोटाला व्याकरण लागत नाही आणि कोणी त्याची कीव करत नाही.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी पत्नीला ताप होता, म्हणून पिशवी घेऊन मी तुमच्यापुढे उभा राहिलो. रविवार सकाळ, सासवडकडून आणलेल्या माळव्याच्या पाट्या अजून पुऱ्या उतरल्याही नव्हत्या आणि पाच-सहा गिऱ्हाइके एकदम बोलत होती. मला कोबी हवा होता. कोबी माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी बोट उचलले, आणि का कोण जाणे, तुम्ही माझ्या बोटाकडे न पाहता तोंडाकडे पाहिलेत. ‘काय देऊ, काका?’ असे विचारून तुम्ही थांबलात. मी तोंड उघडले. काहीच आले नाही. मागून एक बाई म्हणाल्या, ‘अहो, त्यांना कोबी हवाय, देऊन टाका ना.’ त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांचे म्हणणे तर अचूक होते. तुम्ही हातातली मेथीची जुडी खाली ठेवलीत आणि त्यांना शांतपणे म्हणालात, ‘ते बोलतायत अजून.’

ताई, त्या क्षणी माझ्या तोंडातून एक अक्षरही बाहेर पडलेले नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला एक तोंड वासून उभा राहिलेला, घामेजलेला म्हातारा दिसत होता. त्याला तुम्ही ‘बोलणारा’ म्हणालात, आणि वर्तमानकाळात म्हणालात. मुद्रितशोधकाला क्रियापदाचा काळ दिसतो. सात महिने माझ्याविषयीची सगळी वाक्ये भूतकाळी होती: हे प्रेसमध्ये होते, यांचे वाचन फार होते, यांचे अक्षर सुरेख होते.

शेवटी माझ्या तोंडून शब्द निघाला, तो ‘कारले’. तुम्ही विचारलेत, ‘कारलीच ना?’ त्या दिवसांत माझ्या होकार-नकाराचीही अदलाबदल होत असे. मान भलतीकडे हलली, आणि तुम्ही अर्धा किलो कारली मोजून पिशवीत टाकलीत. कोबी मला हवा होता हे मागच्या बाईंनी सांगितलेले तुम्ही ऐकले होते. तरीही तुम्ही माझ्या तोंडचा शब्दच तराजूत घातलात. आमच्या घरी कारले कोणी खात नाही. पिशवी रिकामी केल्यावर पत्नी अंगात ताप असताना हसली, मार्चनंतर पहिल्यांदा, आणि ती कारली आम्ही दोन दिवस तोंड वाकडे करत संपवली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो, कारण मला कोबी हवा होता, आणि तो मिळवायचा तर ‘कोबी’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. गर्दी नको म्हणून तुम्हीच मला साडेसातला बोलावलेत, म्हणजे भवानीच्या वेळी. पहिले गिऱ्हाईक खोळंबले तर दिवस खोळंबतो असे मानणाऱ्या धंद्यात तुम्ही दिवसाची पहिली विक्री अशा माणसाच्या हाती दिलीत, ज्याला ‘मेथी’ म्हणायला कधीकधी चार मिनिटे लागत. मी फारच अडलो की तुम्ही नुसते ‘मे...’ म्हणून ओठ मिटून बसायचात. शब्दाचे पहिले अक्षर देऊन उरलेला रुग्णाकडून काढून घेणे ही वाचाघातावरच्या उपचारातली एक मान्य रीत आहे, असे माझ्या स्पीच थेरपिस्टने नंतर सांगितले. तिचेही माझ्यावर उपकार आहेत आणि तिच्याशिवाय मी वाक्यापर्यंत पोहोचलो नसतो. तुम्हाला ही रीत कोणी शिकवली, हे तिने मला विचारायला सांगितले होते. मी विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘शिकवायचं काय त्यात? पोरांना अशीच तर बोलायला लावतो.’

आता सत्काराच्या भाषणाकडे वळतो. चिकाटी ही एखाद्याच्या अंगी असते किंवा नसते, असे मीही साठ वर्षे मानत आलो होतो, आणि शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या जमान्यापासून कच्च्या छपाईच्या गॅलीवर गॅली वाचून काढल्यामुळे ती माझ्या अंगी भरपूर आहे असा माझा समज होता. तो समज सात महिन्यांत संपला. प्रेसमध्ये मी चिवट होतो, कारण प्रत्येक दुरुस्ती पुढच्या प्रुफात उतरलेली दिसत असे. बोलण्याच्या बाबतीत माझा प्रत्येक प्रयत्न कोणीतरी मधूनच उचलून नेत होते. शब्द शोधायला निघावे आणि तो आयता हातात पडावा, असे दिवसातून वीसदा झाले की शोधण्याची सवयच मोडते. लोक दयाळू होते, हीच अडचण होती. रागावलेल्या माणसाशी भांडता येते, पण दयेने तोंडात घातलेला शब्द थुंकता येत नाही. तुम्ही दया दाखवली नाहीत. तुम्ही मला गिऱ्हाईक मानलेत, जो मागेल ते त्याला मिळेल, आणि चुकीचे मागेल तर चुकीचे मिळेल. रोजच्या त्या चार मिनिटांत माझी चिकाटी जेवढी होती, तेवढीच तुमचीही होती. माझी तर गरज होती, तुमचे मात्र मागे उभे असलेले गिऱ्हाईक जात होते.

सभ्यता म्हटले की आपल्याला गोड बोलणे, नमस्कार, आग्रहाचा चहा हे आठवते. मला आता समोरच्याचे वाक्य त्याचे त्याला पुरे करू देणे आठवते. हे बँकेत, दवाखान्यात, सरकारी खिडकीपाशी आणि माझ्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीतही फार कमी सापडते, आणि निरोगी असताना ते माझ्यापाशीही नव्हते, हेही कबूल करतो. प्रेसमधल्या एका तोतऱ्या शिकाऊ मुलाची कित्येक वाक्ये मी घाईने पुरी केली आहेत. तो आता कुठे असतो मला माहीत नाही.

हल्ली मी पूर्ण वाक्यात भाजी मागतो, भावाची घासाघीसही करतो, आणि परवा तुम्ही म्हणालात की काका, तुम्ही गप्प होता तेच बरे होते, याबद्दल मी तुमच्यावर मुळीच रागावलेलो नाही. एक शब्द मात्र अजून दगा देतो. घोसाळी मागायला जावे तर तोंडातून दोडकाच निघतो, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने दोडका मोजून देता. या महिन्यात आम्ही चार वेळा दोडका खाल्ला.

सोमवारी साडेसातला येतो. घोसाळी आणून ठेवा, पण मी म्हटल्याशिवाय देऊ नका.

आपला,
कारलेवाले काका