सोफा एकदाचा बसला

मिनियापोलिस, ९ नोव्हेंबर

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा व्हिडिओ कॉलवर हॉल दाखवत होते आणि नेमकं नेट गेलं, मग बाबांचा मेसेज आला "मोजमापासकट लिहून कळव" म्हणून, तर हे लांबलचक टाईप करतेय. आई तू चष्मा लावून निवांत वाच, आणि बाबा तुम्ही पेन्सिल घेऊन बसा.

आधी कबुली देऊन टाकते. सोफा चुकीचा आलाय. रंग, कापड सगळं बरोबर, फक्त एल उलटा. इथे एलवाला सोफा (सेक्शनल म्हणतात) मागवताना डावा की उजवा ते सांगावं लागतं, आणि तो डावा-उजवा सोफ्यावर बसलेल्या माणसाचा नसतो, समोर उभं राहून सोफ्याकडे बघणाऱ्याचा असतो. मी मनातल्या मनात आधीच सोफ्यावर जाऊन बसले होते ना, तिथेच घोळ झाला. बाबांनी ३० वर्षं पीडब्ल्यूडीत मोजमाप पुस्तकं भरली आणि त्यांच्या मुलीला डावं-उजवं कळेना! जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून मी अख्ख्या सोफ्याचा नकाशा काढला होता बरं का, दोन दिवस त्या पट्ट्यांच्या कडेकडेने चालून पण बघितलं, इंचन्‌ इंच बरोबर होता, फक्त दुकानात तोंडाने सांगताना उलटं सांगितलं. बदलून द्यायला दुकानवाला जे पैसे मागत होता ते ऐकून तुमचे जावई म्हणाले राहू दे, खोली फिरवू.

आता खोली बघा. पूर्व-पश्चिम १८ फूट, दक्षिण-उत्तर १५. उत्तरेच्या भिंतीत मधोमध फायरप्लेस, विटांची, तिच्यापुढे २० इंच बाहेर आलेला दगडी ओटा. पूर्वेला मोठी खिडकी, पश्चिमेला मुख्य दार, दक्षिणेला भिंतच नाही, थेट डायनिंग आणि किचन. सोफ्याची एक बाजू ९ फुटांची, दुसरी ७. माझा बेत होता की लांब बाजू फायरप्लेससमोर आणि एल खिडकीकडे वळलेला. आला तो दाराकडे वळलेला, म्हणजे घरात पाऊल टाकलं की सोफ्याचा हात पोटात. आणि माझं पोट सध्या सगळ्यात आधी पोचतं.

मग शनिवारी जावई आणि शेजारचा मुलगा दोघांनी मिळून सगळं ९० अंशात फिरवलं. मी फक्त बोट दाखवत होते (ओरडू नकोस, हात लावला नाही). आता लांब बाजूची पाठ खिडकीला आणि ७ फुटी बाजू दक्षिणेला, तिचं तोंड फायरप्लेसकडे, पाठ डायनिंगकडे. त्या पाठीमागे ३ फूट जागा सोडलीय, ताट घेऊन माणूस आरामात जातो. आई, तुला ते सोफ्याची पाठ पाहुण्यांकडे वगैरे आवडणार नाही माहितीये. साताऱ्याच्या घरात सगळं भिंतीला टेकवलेलं आणि मधे सतरंजीपुरती मोकळी जागा, हळदीकुंकवाला बरंच पडायचं ते. पण इथे तसं केलं ना तर या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी ओरडून बोलतो, पहिले दोन महिने आम्ही तेच केलंय.

टीव्हीवरून जरा वाजलं. जावयांना तो फायरप्लेसच्या वर हवा होता, इथे बऱ्याच घरात असतो तसा. मी म्हटलं सिनेमा बघायचाय का कळसाचं दर्शन घ्यायचंय? मान दुखते आणि खालून धग लागते ते वेगळंच. शेवटी दाराच्या बाजूच्या भिंतीला खाली लावला, बसल्यावर डोळ्यासमोर येईल असा. म्हणजे लांब बाजूला बसलं की समोर टीव्ही आणि उजव्या हाताला विस्तव, छोट्या बाजूला बसलं की समोर विस्तव. तुम्ही इथे आलात की छोटी बाजू तुमची. फायरप्लेस अगदी नाकासमोर नाही, थोडी तिरकी पडते, पण दिसते छान.

फिरवण्याच्या नादात एक गोष्ट मात्र राहिली ती रात्री कळली. खिडकीखाली जमिनीत गरम हवेची जाळी आहे, ती सोफ्याखाली गेली! सगळी गरम हवा सोफ्याच्या बुडाला आणि आम्ही कुडकुडतोय. मग सोफा भिंतीपासून ६ इंच पुढे ओढला आणि जाळीवर प्लास्टिकची एक वळणदार पट्टी बसवली, ती हवा पुढे ढकलते. बाबा, ही पट्टी तुम्हाला आवडेल, चुंबकाने चिकटते.

आता विस्तवाचं. जळण्यासारखी कुठलीही वस्तू फायरप्लेसपासून निदान ३ फूट लांब ठेवायची असा इथे नियमच सांगतात, आपल्या सोफ्याची फायरप्लेससमोरची बाजू ओट्याच्या कडेपासूनही ७ फुटांवर आहे, तेव्हा काळजी नको. ऑक्टोबरमध्ये धुराडं साफ करून घेतलं, वर्षातून एकदा करावंच लागतं, आत डांबरासारखा काळा थर बसतो आणि तोच पेट घेतो कधीकधी. लाकडं वर्षभर वाळवलेली आणलीत, ओली नुसती धुपतात हे तुला मी काय सांगणार. गंमत म्हणजे एवढा विस्तव पेटवला की समोरचा माणूस भाजतो आणि मागच्या खोल्या जास्त गार होतात, कारण तो घरातलीच गरम हवा ओढून धुराड्यातून वर सोडतो. आपला तांब्याचा बंब बरा, निदान पाणी तरी तापायचं.

आणि आई, बाळंतिणीच्या शेगडीचं तू दोनदा विचारलंस. निखारे काढून खाटेखाली ठेवायचे नाहीत म्हणजे नाहीत, ओव्याची धुरीसुद्धा नाही. बंद घरात कोळशाचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साईड) साठतो, त्याला वासही नसतो. इथे कायद्यानेच प्रत्येक झोपायच्या खोलीच्या १० फुटांच्या आत त्याचा अलार्म असतो, आणि धुराचा वेगळा, तो तर फोडणीलासुद्धा बोंबलतो. शेकायला गरम पाण्याच्या पिशव्या आणल्यात दोन. तेल लावून विस्तवासमोर बसव मला हवं तर, तेवढं चालेल. अग्नीकडे पाय करू नयेत म्हणशील, पण आजीच शेकोटीला तळपाय शेकायची, मी बघितलंय.

तुझ्या गुडघ्यांचं लक्षात आहे. बैठक १८ इंच उंच आहे, ती ठीक, पण खोल फार आहे, टेकून बसलं की पाय लोंबकळतात आणि उठताना पुढे सरकत यावं लागतं. पाठीला एक लोड लागेल. इथल्या उशा नुसत्या फुसक्या, तर माळ्यावरच्या ट्रंकेतला छोटा लोड कापूस काढून नुसती खोळ आण, भरायचं इथे बघू. आणि ती निळ्या काठाची गोधडी. बाकी बॅगेत लाडूंना जागा ठेव.

बाबा, तुमची जागा कोपऱ्याच्या शेजारची. तिथून दार दिसतं, किचन दिसतं, टीव्हीही मान जरा वळवून दिसतो. शेजारी दिवा ठेवलाय पेपर वाचायला, पेपर मात्र फोनवरच. आत्ता तिथे तुमचे जावई घोरतायत, उठवते त्यांना, लाकडं आत आणायचीत.

तुमची,
ताई