जर्नल पूर्ण, चतुःसीमा गायब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली केलेली हवी, हा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ चा निकाल आल्यापासून ‘मुलांची वर्षं वाया जाणार’ अशी ओरड चालू आहे. पण ही अट परत का आणावी लागली, तीन-पाच वर्षं कायदा शिकूनही पोरांना नेमकं काय येत नाही, हे फारसं कोणी विचारत नाही. संगमनेरच्या कोर्टात ३१ वर्षं दिवाणी वकिली करते आहे, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी ज्युनियर म्हणून आली. पहिला वर्ग, सनद नवी कोरी. बांधाच्या वादात निशाणी ५ चा, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा, अर्ज लिहायला दिला. दिवाणी प्रक्रिया संहितेतली मनाईची ऑर्डर ३९ तिला तोंडपाठ. पक्षकार सत्तरीचे, सात-बारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला. हिने पहिलाच प्रश्न टाकला, “आजोबा, कॉज ऑफ अ‍ॅक्शन कधी घडलं?” म्हणजे दाव्याला कारण कधी घडलं. म्हातारबा माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मग म्हणाले, “ते काय ठाऊक न्हाई, बाई. बांध आषाढात फोडला.”

संध्याकाळी अर्ज तयार झाला, इंग्रजीतून. १९९८ पासून आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, पण मसुद्याचा पेपर तिने इंग्रजीतच दिलेला. आणि मिळकतीच्या चतुःसीमाच नाहीत, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते कुठेच नाही! कोणत्या जमिनीवर मनाई मागतो आहोत, ते कोर्टाने स्वप्नात बघायचं का?

दोष तिचा नाही. कागदावर सगळं आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे आहेत. त्यांतल्या एकात अभिरूप न्यायालयाला, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याला, ३० गुण, दोन खटले कोर्टात बसून पाहण्याला ३०, पक्षकाराची मुलाखत, पूर्वतयारी आणि इंटर्नशिपची डायरी यांना ३०, तोंडी परीक्षेला १०. होतं काय, तर परीक्षा तोंडावर आली की मुलं मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून काढतात आणि ओळखीच्या वकिलाकडे सही मागायला येतात. अशा सह्या मीही केल्या आहेत. नातेवाइकाचा मुलगा, शेजारणीची सून. नाही म्हणवत नाही. सनदेआधीची वर्षभराची उमेदवारी १९७३ च्या दुरुस्तीने गेली. बार कौन्सिलने ती पुन्हा आणून पाहिली, तर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. उरली ती वस्तुनिष्ठ प्रश्नांची बार परीक्षा.

गेल्याच वर्षी ऑक्टोबरात भाचीकडे बॉस्टनला गेले होते. लोक तिथे पानगळ बघायला जातात, मी एक दिवस हाउसिंग कोर्टात जाऊन बसले. घर खाली करून घेण्याचं प्रकरण होतं. भाडेकरू बाईच्या वतीने उभी राहिलेली वकील फारच कोवळी दिसली. चौकशी केली तर ती लॉ स्कूलच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी! मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयीन नियमांत तशी सोय आहे: गरिबाचं प्रकरण, शेवटचं वर्ष आणि जबाबदारी घेणारा अनुभवी वकील. तिच्या प्राध्यापिका मागच्या बाकावर बसून होत्या, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर बाहेरच्या बाकड्यावर मात्र वीसेक मिनिटं झाडाझडती चालली होती. हीटर बंद असल्याची तक्रार घरमालकाकडे केली, पण कोणत्या तारखेला, हे बाईला का विचारलं नाहीस? मला आमचा आषाढ आठवला.

ते श्रीमंतांचे चोचले म्हणाल, तर दक्षिण आफ्रिका बघा. तिथे विद्यापीठांची लॉ क्लिनिक्स, म्हणजे देखरेखीखाली विद्यार्थी गरिबांची खरी प्रकरणं हाताळतात ती केंद्रं, कायद्याने मान्य आहेत आणि नव्या पदवीधराला वकिलीची उमेदवारीही तिथे करता येते. पोलंडमध्ये पहिलं क्लिनिक १९९७ मध्ये क्राकोच्या विद्यापीठात निघालं. तिथल्या क्लिनिकमधली मुलं कोर्टात उभी राहत नाहीत, पण खऱ्या माणसाचे कागद वाचून लेखी सल्ला तयार करतात. जपानने २००४ मध्ये थाटात नवी लॉ स्कूल्स काढली, ती ७४ वर गेली. पुढे बार परीक्षेचा निकाल अपेक्षेपेक्षा फार खाली राहिला, मुलं पुन्हा घोकंपट्टीकडे वळली आणि निम्म्याहून अधिक स्कूल्सना नवे प्रवेश थांबवावे लागले. परीक्षेपुढे सुधारणेचं काय होतं, ते तिथे दिसलं.

आपल्याकडची खरी मेख वेगळीच आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. म्हणजे ज्याने वीस वर्षांत साक्षीदाराला एकही प्रश्न विचारलेला नाही, तो उलटतपास शिकवतो, आणि विधी सहाय्य कक्षात गरीब माणूस आला तर त्याच्या हातात दुसऱ्या वकिलाचा पत्ता देतो. बार कौन्सिलने मोफत विधी सहाय्याच्या प्रकरणांपुरती तरी ही बंदी उठवावी. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती सनद नसलेल्यालाही कोर्ट परवानगी देऊ शकतं. ते कलम तालुका पातळीवर वापरून बघायला हरकत काय? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात तर बार कौन्सिलशी सल्लामसलत करून प्रात्यक्षिक कायदेशिक्षणाचे कार्यक्रम आखण्याचं काम राष्ट्रीय प्राधिकरणाकडे स्पष्ट शब्दांत दिलेलं आहे.

ज्युनियरला मी दुसऱ्या दिवशी म्हातारबांबरोबर शेतावर पाठवलं. पूर्वेस ओढा, दक्षिणेस भावाचा गट, असं सगळं लिहून घेऊन, चपला चिखलाने भरवून ती परत आली. अर्ज मराठीत नव्याने लिहिला.

यंदा जर्नलवर सही मागायला अकरा जण आले. सगळ्यांना एकच सांगितलं, सकाळी अकराला बोर्ड, म्हणजे दिवसाचं कामकाज, सुरू होतं तेव्हा या, पाचपर्यंत कोर्टात बसा, मग सही. दोघे आले.

आपली,
एक वकील, संगमनेर