नोकरी सोडली, हे फोनवर सांगता आलं नाही

पुणे, २ जुलै

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी बरी आहे. फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली, पण तिन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारलं आणि माझी गाडी तिथेच थांबली. म्हणून लिहिते. ३१ मार्चला मी नोकरी सोडली. काढलं नाही कुणी, मीच सोडली. गेले तीन महिने "ऑफिसला निघालेय" म्हणून फोन ठेवत होते, तेव्हा पलंगावरून उठून खिडकीजवळच्या टेबलाशी जात होते. चार पावलं. खोटं बोलले त्याबद्दल रागवा, पण पत्र पुरतं वाचून झाल्यावर.

बाबा, तुम्हाला आधी विमाच आठवणार. ऑफिसच्या पॉलिसीत तुम्ही दोघं होतात, ती मुदत संपायच्या आतच मी त्याच कंपनीची वेगळी पॉलिसी घेतली. जुनी वर्षं त्यात धरली आहेत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर होणारच. घरभाडं वेळेवर जातंय, डबा त्याच काकूंचा आहे, दुपारी गरम भाकरी मिळते. ऑफिसात थंड पोळी खायचे ते बरं होतं का?

आता काम काय करते ते. ऑफिसात पाच वर्षं जी चित्रं काढली, त्यातलं एकही माझं नाही. नोकरीत काढलेल्या चित्राची मालकी मालकाची, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसंच आहे. आता स्वतंत्र काम करते, तर चित्र माझंच राहील असं करारात लिहून घेते. मी लेखी जेवढे हक्क देईन तेवढेच गिऱ्हाइकाचे. आणि मुदत लिहायची राहून गेली तर कायदा ती पाच वर्षं धरतो, पुढे हक्क परत माझ्याकडे. बाबा, तुम्हाला नियम आवडतात म्हणून एवढं फोडून लिहिलं. आई, तू हा परिच्छेद सोडून दे.

सध्या तीन कामं आहेत. एका प्रकाशकाचं लहान मुलांचं पुस्तक, २४ पानं, त्यात एक बकरी आहे आणि ती आपल्या शेजारच्या बकरीसारखीच दिसते. एका संस्थेची अंगणवाडीसाठी पोस्टरं, पैसे कमी पण माणसं वेळेवर देणारी. आणि तिसरं ऐका, हळदीची पाकिटं! बंगळूरची एक नवी कंपनी सांगलीची हळद विकणार आहे. त्यांनी आधी सांगितलं, मागे डोंगर दाखवा, झरा दाखवा. मी म्हटलं, हळद आमच्याकडची आहे, झरा कुठून आणू? मग मी त्यांना हरिपूरची पेवं, हळद साठवायची ती जमिनीखालची कोठारं, काढून पाठवली. बाबा, सायकलच्या दांड्यावर बसवून तुम्ही मला संगमेश्वराला न्यायचात आणि येताना पेव दाखवायचात. आत उतरायचा हट्ट केला तर म्हणायचात, आधी कंदील सोडून बघतात, विझला तर माणूस उतरत नाही. तो कंदील मी पाकिटाच्या कडेला काढला आहे. त्यांना वाटतं ती नुसती नक्षी आहे. वाटू दे.

पण त्यात हवे तेवढे रंग वापरता येत नाहीत. पाकिटाच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, जेवढे रंग तेवढा खर्च. शिवाय चंदेरी चकचकीत कागदावर आधी पांढरा थर द्यावा लागतो, नाहीतर पिवळा मळकट दिसतो. पहिला नमुना आला तो हिरवट होता, निळ्याचा अंश जास्त झालेला. हळदीला बुरशी लागल्यासारखं दिसत होतं. मी छापखान्यात दीड तास उभी राहिले, तेव्हा कुठे जमलं.

आता पैसे. तीन महिन्यांत १ लाख ६४ हजारांची बिलं केली, त्यातले १ लाख १० हजार हातात आले. बाकीचे येतील. १० टक्के कर कापूनच येतात काही ठिकाणी, तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरतात. हो, पगारापेक्षा हे कमी आहे. तुम्ही म्हणाल, कायम नोकरी ती कायम नोकरी. पण मी सातवीत होते त्या वर्षी कारखान्याने सात महिने पगार दिला नव्हता ना? हे उणं काढायला लिहीत नाही, बाबा. त्या सात महिन्यांत तुम्ही एकही खाडा केला नाहीत, टाइम ऑफिस रोज वेळेवर उघडलंत. त्याचा मला अभिमानच आहे. एवढंच म्हणायचं होतं की घर तेव्हा आईच्या मशीनवर चाललं. ही ओळ खोडणार होते, पण राहू दे.

आई, हा धंदा मी तुझ्याकडूनच शिकले. बाया मापाचा ब्लाऊज आणून म्हणायच्या, "असाच शिव, पण जरा वेगळा." माझी गिऱ्हाइकं अगदी हेच बोलतात. तू उसवून पुन्हा शिवायचीस, फुकट, आणि पैसे वहीत. मी मात्र काम सुरू करायच्या आधी निम्मे घेते, दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला पैसे. उद्यम नोंदणीही केली आहे, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद. त्यामुळे ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्याला व्याज मागता येतं. अजून मागितलं नाही. धीर होत नाही, तुझीच मुलगी ना.

बाबा, तुम्ही एआयची बातमी पाठवली होतीत, ती वाचली. खोटं सांगत नाही, पत्रिका आणि बारकीसारकी कामं कमी झालीच. मागच्या महिन्यात एकाने मशीनने काढलेलं चित्र पाठवलं, "फक्त हात नीट करून द्या." सहा बोटं होती. बोट काढायचे पूर्ण पैसे घेतले.

आजोबांच्या ट्रंकेतले 'दीपावली'चे अंक आठवतात? दीनानाथ दलालांनी काढलेल्या मुखपृष्ठावर मी तेल लावलेला कागद ठेवून गिरवायचे. एका बाईच्या पदरावर डाग पडला आणि तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी कोरा ड्रॉइंग पेपर आणून दिलात, तेव्हाही बोलला नव्हतात. यंदा एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मला मिळालंय. मानधन सांगण्यासारखं नाही, पण अंक येईल तेव्हा पहिला तुम्हाला.

आता मुकाट्याने ऐका. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. पाणी दादा भरेल, तू कळशी उचलायची नाही. बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही, दोघांनीही. कृष्णेचं पाणी वाढल्याची बातमी आली की वाट बघत बसू नका, २०१९ सारखं शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं नाही, लगेच मावशीकडे जा.

गणपतीला येते, चार दिवस नाही, दहा दिवस. आता रजा मागावी लागत नाही. टेबल तेवढं खिडकीपाशी लावून ठेवा, लॅपटॉप घेऊन येईन.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली उघडल्यापासून साधारण महिनाभरच वापरायची असते. बाटलीवर तारीख लिहून ठेवा, हजेरीच्या रजिस्टरात लिहायचात तशी, ठळक.