जाळू नका म्हणणाऱ्याचं पत्र

पश्चिम कोलोराडो,
१८ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

कुंपणाचं विचारलेल्या तुझ्या दिवाळीच्या पत्राचं उत्तर आत्ता देतोय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, बास.

इथे वनखात्याच्या एका उतारावर हरणांसाठी म्हणून सेजब्रश नावाची झुडपं जाळायचा बेत शिजतोय आणि मला झोप नाही. परतवाड्याच्या क्वार्टरमध्ये तू रात्रभर भांडला होतास, आग वाईट नसते, वेळ वाईट असते. तेव्हा हरलो, मान्य. पण इथे झुडूपच वेगळं आहे रे.

उतार दक्षिणमुखी. वारा बर्फ उडवतो, उरलेलं ऊन वितळवतं, म्हणून म्यूल डिअर ही इथली हरणं आणि त्यांच्याहून थोराड एल्क डिसेंबरात वरून इथे उतरतात. बर्फ दीड फुटाच्या वर गेलं की म्यूल डिअर अडखळतं, एल्क त्याहून जास्त रेटून नेतो. खायला बर्फावर डोकं काढलेलं सेजब्रश आणि बिटरब्रश हे दुसरं झुडूप. त्यानेही वजन घटायचं थांबत नाही. हिवाळा निघतो तो आधी साठवलेल्या चरबीवर, झुडूप फक्त ती पुरवून वापरायला मदत करतं.

जाळणारे म्हणतात, गवत फुटेल, एल्कला बरं. फुटेल की! पण बर्फाखाली दबलेलं गवत एल्क खुरांनी उकरून खातो, म्यूल डिअरचा सगळा भार झुडपावर. शिवाय इथलं सेजब्रश जळलं की बुंध्यापासून फुटत नाही. तुझ्या सागासारखं नाही ते. बियांवरच परत यायचं, त्याला कित्येक दशकं. बी धुळीएवढं, जेमतेम वर्षभर टिकणारं. बर्फावर वरच्यावर पेरायचं, मातीत गाडलं तर गेलं. बिटरब्रशचं उलटं, ते गाडावंच लागतं. एरवी ते काम उंदीर-खारी करतात. एकाच यंत्राने दोन्ही पेरली की निम्मं बियाणं फुकट, आणि हे दरवेळी कुणीतरी करतंच.

मोकळ्या जमिनीत आधी घुसतं चीटग्रास, हे बाहेरून आलेलं तण-गवत. पावसाळी गारव्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरात उगवतं, जूनपर्यंत वाळून कोरडं, मग ठिणगी पडली की पुन्हा वणवा. त्यापुढे तुझी घाणेरी परवडली. त्यावर इंडाझिफ्लॅम हे तणनाशक चालतं, पण ते उगवू पाहणाऱ्या बियांवर. उगवलेल्या रोपावर नाही. जुन्या वाळक्या गवताचा थर जाड असेल तर औषध वरच अडकतं, मातीपर्यंत पोचतच नाही.

माझं म्हणणं, झुडपांत घुसलेली जुनिपरची झाडं चेनसॉने कापा, फांद्या तोडून पसरा. झुडूप जिवंत आहे तोवरच हे जमतं. जुनिपरची दाटी होऊन खालचं झुडूप मेलं असेल तर कापूनही चीटग्रासच येणार. आणि सगळं साफ करायचं नाही, वादळात आडोशाला झाडं हवीत. कामाची वेळ घरट्यांचा मोसम उलटल्यावर, १ डिसेंबरच्या आत.

हरणांना त्रास नको म्हणून १ डिसेंबर ते ३० एप्रिल रस्त्याच्या फाटकाला कुलूप, ही तारीख तरी बरीच जण पाळतात. भानगड मार्चमध्ये होते. ऊन पडतं, रस्ता सुकतो, लोक म्हणतात आता उघडा. नेमकी तेव्हाच चरबी तळाला गेलेली असते, पिल्लं मार्च-एप्रिलमध्येच मरतात. सायकल असो की कुत्रा, हरीण पळालं की जी शक्ती जाते ती भरून काढायला खायला काही नसतं. मेलेल्याच्या मांडीचं हाड फोडून बघितलं की कळतं, मगज पांढरा घट्ट असायला हवा, लाल जेलीसारखा दिसतो. गळलेली शिंगं शोधणारे त्यात भर घालतात. सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल ती गोळा करायला बंदी आहे, तरी.

आणि दया येऊन वैरण टाकणारे! पोळ्याला आपल्या सख्याने बैलाला पोटभर पुरणपोळ्या चारल्या, आठवतं? इथेही तेच. झुडपावर सरावलेल्या पोटातले जंतू गवताला तयार नसतात, हरीण भरल्या पोटी मरतं.

गंमत सांगतो. २०१८ चा स्थलांतर-मार्ग आणि हिवाळी चराईचा आदेश क्रमांक ३३६२ काढला अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने, आणि हे वनखातं कृषिखात्याखाली. शेजारच्या बीएलएमच्या (अंतर्गत खात्याच्याच जमीन विभागाच्या) जमिनीला तो लागू, या उताराला नाही. हस, हस.

कुंपणाचं जमलं मात्र. खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून १६ इंच. वरची ४२ इंचांपेक्षा उंच नाही. वरच्या दोन तारांत १२ इंच अंतर, नाहीतर उडी मारताना मागचा पाय पिळून अडकतो. हे मी आधी लिहायला हवं होतं, तू कुंपणावरूनच तर विचारलं होतंस.

अन्याचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय? वहिनींना सांग, शेवयांची पिशवी पोचली. तात्यांशी बोलणं झालं का, की अजून तसंच?

जाळायच्या बेतावर हरकत शुक्रवारी द्यायची आहे. मसुदा सोबत जोडलाय. तुझ्या लाल पेनाने काय उडवायचं ते उडव. तुझ्या जाळरेषांच्या (वणवा अडवायला जाळलेल्या पट्ट्यांच्या) डायरीत जाळल्यानंतर तिसऱ्या वर्षी काय उगवलं याच्या नोंदी असतील तर त्या पाठव, तीन वर्षं थांबून कुणी बघत नाही, हेच मला तिथे मांडायचं आहे.

तुझा,
पक्या