ठाणे स्लोमधल्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

दुपारची स्लो गाडी, लेडीज डबा आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन कपाळाला हात लावून बसलेली मुलगी. ती मी. तुम्ही चौथ्या सीटवर टेकला होतात. घाटकोपरला एक मावशी उतरल्या, तशा आत सरकलात आणि माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणालात, "अगं, पानात पान का कोंबलंयस?" नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय.

करी रोडच्या आमच्या मंडळाला यंदा वर्गणीच्या पावत्या मोबाइलवरून द्यायच्या होत्या. कार्यकर्त्याने नाव, नंबर, रक्कम भरायची, ती एजॅक्सने, म्हणजे पान न सोडता पडद्यामागून, सर्व्हरला जायची आणि सर्व्हरने पावतीचं अख्खं पान परत पाठवायचं. आलेलं पान मी इनरएचटीएमएल नावाच्या सोयीने फॉर्मच्याच पानातल्या एका डिव्हमध्ये, म्हणजे चौकटीत, ओतत होते. मग काय, मंडळाचा मथळा वर एकदा, खाली एकदा. पावतीच्या सीएसएसने, म्हणजे रंगरूपाच्या नियमांनी, मूळ फॉर्मही रंगवून टाकलेला. आणि प्रिंटची खिडकी उघडणारी स्क्रिप्ट ढिम्म! अशी आत टाकलेली स्क्रिप्ट ब्राउझर चालवतच नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. त्याआधी दोन रात्री मी त्या स्क्रिप्टमध्येच चूक शोधत होते.

कुर्ल्याला गर्दी चढली. कुणाची तरी पर्स माझ्या कीबोर्डवर, आणि तुम्ही शांतपणे सांगताय: आधी डॉक्युमेंट डॉट ओपन, मग राइट, मग क्लोज, म्हणजे जुनं पान पुसायचं, नवं लिहायचं आणि मिटायचं. तीन ओळींत पूर्ण पान बदललं. मी जवळजवळ ओरडलेच. तुम्ही म्हणालात, "थांब, रिफ्रेश कर." केलं, तर परत रिकामा फॉर्म, कारण वरचा पत्ता बदललेलाच नव्हता. पुन्हा पावती काढून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो ती जागा, उघडायला लावलंत, तर तिथे लाल ओळ. दोन्ही पानांच्या स्क्रिप्टमध्ये एकाच नावाचा कॉन्स्ट होता, म्हणजे एकदाच घोषित करता येणारं नाव. डॉक्युमेंट, म्हणजे पान, नवं झालं तरी जुनी नावं लक्षात ठेवणारी विंडो तीच राहते, म्हणून तो 'आधीच घोषित' ठरला.

"पूर्ण पानच हवंय तर एजॅक्स कशाला? साधा फॉर्म सबमिट होऊ दे ना." खरं सांगते, या वाक्यावर माझं तोंड पडलं होतं. साधा फॉर्म म्हणजे जुनाट, असं डोक्यात बसलेलं. त्यावर तुम्ही शीव ते माटुंगा इतिहासच सांगितलात. एजॅक्स ज्यावर चालतं ती एक्सएमएलएचटीटीपी रिक्वेस्ट १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरमध्ये आली, 'एजॅक्स' हे नाव जेसी जेम्स गॅरेटने २००५ मध्ये दिलं, आणि सगळा खटाटोप कशासाठी, तर पान न सोडता त्यातला तुकडा बदलता यावा म्हणून. "तुला तर पान सोडूनच जायचंय," म्हणालात.

दादर आलं, तरी तुम्ही दारात उभ्या राहून मागे वळलात. "पोस्टनंतर, म्हणजे फॉर्म पाठवल्यावर, रिफ्रेश मारला तर वर्गणी दोनदा पडेल हं! सर्व्हरकडून ३०३, म्हणजे 'पुढचं पान या पत्त्यावर बघ' हा कोड, देऊन पावतीच्या पत्त्यावर पाठव." मी घाईत पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवर ३०३ लिहिलं. खजिनदार काका अजून विचारतात, ही तीनशेतीनची वर्गणी कुणाची?

आता फॉर्म साधाच सबमिट होतो. प्रत्येक पावतीला स्वतःचा पत्ता आहे, त्यामुळे तो व्हॉट्सॲपवरही पाठवता येतो. एजॅक्स फक्त एका जागी ठेवलंय: या नंबरवर आधी पावती फाडलीय का, हे फॉर्म भरतानाच दिसतं. काकांना सवयीने चारदा रिफ्रेश मारायची खोड, पण पावती एकच निघते.

पहिली पावती तुमच्या नावाने फाडलीय, १०१ रुपयांची, पैसे माझे. नावाच्या रकान्यात 'ताई, दादर' एवढंच आहे. मोबाइल नंबर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून तिथे माझाच टाकलाय.

तुमची,
खिडकीजवळची मुलगी