हौद खणायला सगळ्यांनी यायचं

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी हे बंदच करून टाकतो." हे म्हणजे नकाशा-सोंगट्यांचा खेळ नेटवरून एकत्र खेळायचं तुझं ते फुकट साधन. इतकी वर्षं पुण्यात काढूनही तुझं 'करतो', 'जातो' सुटलं नाही. ते कानावर पडलं की एरवी लेक घरातच असल्यासारखं वाटतं. त्या रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. आज सुट्टी आहे, मशीन बंद आहेत, म्हणून बसून लिहितोय. फोनवर मला नीट मांडता येत नाही.

तुझा राग खोटा नाही. दिवसभर नोकरी करून यायचं, ताट बाजूला सारून लोकांच्या अडचणी सोडवायच्या, आणि फुकट दिलेल्या वस्तूवर कुणीतरी रात्री दीडला वाट्टेल ते लिहून पाठवायचं. कुणाचाही जीव विटेल. तुझी आई तर म्हणाली, कर म्हणावं बंद, पोरीची तब्येत आधी. मला ते पटत नाही.

2021 चा जुलै आठव. पंचगंगेचं पाणी चढत चढत शिरोलीजवळ हायवेवर आलं, पुण्याचा रस्ता बंद झाला आणि तू इथंच अडकलीस. तुमचा पाच जणांचा तो डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ, फासे टाकत आणि नकाशावर सोंगट्या हलवत गोष्ट पुढं न्यायचा, ऑनलाइन चालायचा, एक जण बंगळुरूला, एक जर्मनीत. इथं लाइट जायची आणि हॉटस्पॉटवर नकाशा उघडता उघडेना. असा खेळ नेटवर खेळायची साधनं तेव्हा नव्हती असं नाही. तूच नावं सांगितलीस: रोल ट्वेंटी 2012 पासून, फाउंड्री 2020 पासून (नाव ऐकून मला आधी शिरोलीच्या ओतकामाच्या भट्ट्या आठवल्या), आणि मॅपटूल तर फुकटच. पण तुला साध्या फोनवर, तुटक्या नेटवर चालेल असं काहीतरी हवं होतं, आणि वापरणाऱ्याला ना नाव नोंदवायला लागावं ना पैसे. नकाशा एकदाच उतरवून घ्यायचा. पुढं सोंगटी हलली की चित्र परत पाठवायचं नाही, कुठली सोंगटी आणि कितवा चौकोन एवढंच पाठवायचं. मूठभर अक्षरं. मेणबत्तीच्या उजेडात तू ते मला वहीवर काढून दाखवलंस, आणि मला वाटलं, पोरीला कामाचं मर्म कळलंय.

नंतर आपण पन्हाळ्यावर गेलो. तू अंधारबाव, ती गडावरची विहिरीची तीन मजली इमारत, खेळाच्या नकाशासाठी चौकोनांत बसवत होतीस आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. एक चौकोन पाच फुटांचा. मशालीचा उजेड वीस फूट लख्ख, पुढं वीस फूट अंधुक, असं तुमच्या खेळात असतं ते तू जिन्यावर उभी राहून सांगत होतीस. सोंगटीला भिंतीआडचं दिसू नये म्हणून काय करतात ते मला समजेना. तेव्हा तू किरणोत्सवाचं उदाहरण दिलंस. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. पण वाटेत एखादी इमारत आडवी आली की तिथंच अडतात. तसंच सोंगटीच्या डोळ्यापासून प्रत्येक भिंतीच्या टोकाकडं एकेक किरण सोडायचा, जिथं अडेल तिथं खूण करायची, सगळ्या खुणा जोडायच्या. आतलं दिसणार, बाहेरचं काळं. अंधारबावच्या तिन्ही मजल्यांचा नकाशा करायचा होता, पण खालचा मजला मोजायच्या आत अंधार पडला. तो अजून राहिलाय.

आता फाशाचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण माझं म्हणणं सगळं त्यातच आहे.

तुझ्या साधनातला वीस बाजूंचा फासा पहिल्या वर्षी खोटा पडत होता. संगणक आधी एक बाइट काढतो, म्हणजे 0 ते 255 मधला कुठलाही एक आकडा, एकूण 256 आकडे. त्याला 20 नं भागायचं, बाकी घ्यायची, त्यात एक मिळवायचा, झाला फासा. दिसायला बिनचूक. पण वीस बारे 240, वर 16 उरतात. त्या 16 मुळे 1 ते 16 या आकड्यांना 256 पैकी 13 संधी, आणि 17 ते 20 यांना 12 च. म्हणजे ज्या विसासाठी सगळे श्वास रोखून बसतात तोच कमी पडणार. मला हे लगेच कळलं. 256 मिलिमीटरचा धातूचा बार आहे आणि 20 मिलिमीटरचे तुकडे पाडायचेत (तुकडा पाडणाऱ्या पार्टिंग टूलची जाडी सोडून दे), तर बारा निघतात आणि 16 चा तुकडा उरतो. तो कुणी जॉबमध्ये मिसळत नाही, भंगारात जातो. तूही तेच केलंस: 240 किंवा त्यावरचा आकडा आला की टाकायचा आणि नवा घ्यायचा.

पण सोनू, ती चूक कुणी दाखवली? नागपूरच्या त्या मुलानं. ओळख ना पाळख, त्यानं तुझा फासा लाखभर वेळा टाकून मोजला आणि नुसती तक्रार न करता दुरुस्त करूनही पाठवला. तू काय केलंस? त्याचं काम बाजूला ठेवून तीच दुरुस्ती स्वतः परत लिहिलीस. का, तर त्याची लिहायची पद्धत तुला आवडली नाही. त्यानंतर त्यानं सगळ्या बटणांची नावं मराठीत करून पाठवली, ती तीन महिने तशीच पडून आहेत. ब्राझीलच्या त्या बाईंनी पाठवलेलं कामही तसंच. कोड सगळ्यांना बघायला खुला आहे असं तू म्हणतेस. बघायला आहे, हात लावायला नाही.

मी हे तुला बोलू शकतो, कारण मीही तेच केलंय. तुझ्यासाठी पितळेचा फासा करायला घेतला होता, आठवतं? मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावला, जॉब नेमक्या अंशांत फिरवायला. 72 अंशांना हँडलचे आठ पूर्ण फेरे, हेड 52 अंश 37 मिनिटांवर कलता ठेवून पहिल्या पाच बाजू, मग 10 अंश 49 मिनिटांवर पुढच्या पाच. त्या हेडला मी कधी कुणाला हात लावू दिला नाही. हेल्पर पोरगा सहा वर्षं शेजारी उभा राहून बघत होता, तरी नाही. आकडे माझ्या डोक्यात, कागदावर काही नाही. आणि मग 2023 च्या पावसात मोटारसायकल घसरून माझं उजवं मनगट मोडलं. हेडचं सगळं काम थांबलं. दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली, ती परत आली नाहीत. दहाच बाजू झालेला फासा टेबलावर धूळ खात पडला.

दीड महिन्यानं मी खुर्ची टाकून बसलो आणि त्या पोराला म्हटलं, तू कर, मी सांगतो. जॉब उलटा धरायला त्यानं स्वतःच्या डोक्यानं फिक्श्चर केलं. माझ्या मनात होतं त्यापेक्षा ते सोपं होतं. वरच्या दहा बाजू माझ्या, खालच्या दहा त्याच्या. तुझ्या टेबलावर तो फासा आहे. मला ओळखून दाखव कुठल्या कुणाच्या.

मी लहानपणी तालमीत जायचो हे तुला माहीत आहे. वस्तादांनी कुणाकडून पैसा घेतला नाही. पेठेतला कुठलाही पोरगा आला, लंगोट लावला, की तो तालमीचा. पण एक रीत होती. कुस्ती धरायच्या आधी हौद, म्हणजे कुस्तीची माती असते ती जागा, खणायचा. लाल माती खोऱ्यानं वरखाली करायची, ढेकळं फोडायची, खडा निघाला तर वेचायचा. तेल, ताक, हळद, लिंबू घालून माती कालवायची असली की सगळी पोरं लागायची. नवीन पोरगं वेडंवाकडं खणायचं, कुठं खड्डा कुठं उंचवटा. वस्ताद खोरं हिसकावून घ्यायचे नाहीत. शेजारी उभे राहून दाखवायचे, त्याच्याकडूनच परत करून घ्यायचे. एकट्यानं खणत बसले असते तर वस्तादांची कंबर गेली असती, आणि पोरांना ती माती आपली कधीच वाटली नसती. आणि कुणी शिवीगाळ केली तर वस्ताद वाद घालत बसायचे नाहीत. बाहेरचा रस्ता दाखवायचे, आणि तालीम चालू राहायची. एका पोराच्या तोंडासाठी तालमीला कुलूप लावलेलं मी पाहिलं नाही.

तेव्हा रात्री दीडला लिहिणाऱ्या त्या माणसाला उत्तर देऊ नकोस. दार बंद कर त्याच्यापुरतं. नागपूरच्या मुलाला मात्र आज फोन कर, पत्र नको, फोनच. मराठी नावं चुकली असतील तर त्याच्याकडूनच नीट करून घे. 'लाइन ऑफ साइट'ला त्यानं 'नजरेचा टप्पा' केलंय ते मला फार आवडलं. सर्व्हरची किल्ली, पासवर्ड, सगळं तुझ्या एकटीकडं ठेवू नकोस. आणखी दोन विश्वासाच्या माणसांकडं असू दे, आणि काय कसं चालतं ते लिहून काढ. सर्व्हरचं भाडं मी भरू शकतो, पण तो उपाय नाही. खेळणाऱ्यांना खर्चाचा आकडा उघड सांग. ज्याला जमेल तो देईल.

आणखी एक. तूच मला सांगितलं होतंस की तुमच्या खेळाचे मूळ नियम वापरायचा परवाना 2000 पासून खुला होता, आणि 2023 च्या सुरुवातीला कंपनीनं तो बदलायचा घाट घातला. जगभरच्या खेळाडूंनी आवाज उठवला आणि त्याच जानेवारीत सुमारे 400 पानांची नियमावली क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली कायमची मोकळी झाली. त्या दिवशी तू पेढे आणले होतेस. तुझं साधन त्याच नियमांवर उभं आहे. अनोळखी लोकांनी तुझ्यासाठी तेव्हा एवढं केलं, आता त्यांना तुझ्या हौदात उतरू दे.

एवढं करूनही नकोच वाटलं तर मी अडवणार नाही. मग कुलूप न लावता नागपूरच्या मुलाच्या हातात दे.

आई बरी आहे. तिनं तुझ्यासाठी कांदा-लसूण चटणी करून ठेवलीय, पाठवू की येतेस ते कळव. या शनिवारी आलीस तर रविवारी सकाळी लवकर पन्हाळ्यावर जाऊ. नवीन टेप आणलाय, तीस मीटरचा. अंधारबावचा खालचा मजला मोजून टाकू. नागपूरहून तो मुलगा येत असेल तर त्यालाही आण, वरच्या खोलीत जागा आहे. टेपचं दुसरं टोक तो धरेल, मी बॅटरी धरतो.

तुझे
बाबा